पाच मार्कांचे आजोबा

पुण्यात परीक्षेचा सीझन झाडांवरून कळत नाही, फोनवरून कळतो. फेब्रुवारी उतरायला लागतो, विश्रांतवाडीच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत डोकं शिजायला लागतं, रसवंतीवाले घुंगरं बांधतात, आणि आमच्या वहिनीचा फोन टुंग करतो. परत टुंग. डिअर पेरेंट्स, काइंडली नोट द पोर्शन. मग सगळ्या आया एकामागून एक अंगठे पाठवतात. एखादी विचारते, धडा आठ मागच्या टेस्टला होता ना? दुसरी म्हणते, हो, पण रिपीट आहे. तिसरी नुसतंच 'सेम डाउट' लिहिते. बारा वर्षांच्या पोरांची परीक्षा, आणि पोर्शन घोकतायत पस्तिशीच्या बायका.

मी या घरात पुस्तकांच्या कपाटाच्या खोलीत राहते. दादा खडकीच्या फॅक्टरीत, वहिनी मूळची पुण्याची, म्हणजे तिला कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची सवय नाही. त्यांची सानू सातवीत. मी तिची आत्तू. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या बंद पडलेल्या फ्रीजबद्दल ऐकायचं, आणि संध्याकाळी त्याच लोकांच्या नकला करून सानूला हसवायचं, हा माझा व्यवसाय आणि हा माझा धर्म. पण टेस्ट जाहीर झाली की वहिनी जाहीर करते, टेस्ट होईपर्यंत नकला बंद. फ्रीजवाले बंद, शाळेच्या मिस बंद, आणि वहिनीची स्वतःची नक्कल तर आधी बंद.

आवाज बंद करायची ही पद्धत मला नवीन नाही. मी तशाच घरातून आलेय.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. माझे बाबा, म्हणजे सानूचे आबा, तिथे ऑटोवर भोंगा लावून सूचना द्यायचे. उद्या नळ येणार नाही. घरपट्टी भरा. सर्कस आली आहे, शेवटचे काही दिवस. साडीचा सेल. पांढऱ्या ठिपक्यांची म्हैस हरवली आहे, आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस. आणि कोणी गेलं की त्याचीही सूचना बाबाच द्यायचे, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून. सगळं गाव त्यांच्या आवाजावर चहा ठेवायचं आणि बादल्या भरायचं. पण मार्च आला, दहावी-बारावीचे पेपर सुरू झाले, की पोलीस स्टेशनमधून निरोप यायचा. भोंगा बंद. बाबा भोंगा उतरवून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचे आणि माळ्यावर ठेवायचे. लहान लेकरू निजवावं तसा.

तो महिना माझ्या डोक्यात आवाजानं नाही, आवाज नसण्यानं राहिलाय. बाहेर पळस पेटलेला, गल्लीत वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोडसर, डोकं जड करणारा वास, शाळेच्या खिडक्यांतून येणारी धूळ. आणि घरात दिवसभर बाबा. मी भूगोल घोकत बसले की ते मागून म्हणायचे, अशानं कोनाले समजन? आन इकडं. मग माझं पुस्तक घेऊन, घसा खाकरून, भोंग्याच्या आवाजात: लक्ष द्या, लक्ष द्या, लक्ष द्या. दिवसा वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतील. नागरिकांनी नोंद घ्यावी. मी आजही खारे वारे विसरलेली नाही. आणि नकला करायला मी तिथेच शिकले, हे वेगळं सांगायला नको.

आता लगेच कोणी डोळे पुसू नका. मी 'आमच्या वेळची शाळा' विकायला बसलेले नाही. आमच्या शाळेत छडी होती, गाइड होतं, आणि गणिताचे सर तर फळ्याकडे तोंड करूनही बरोबर माझ्या कानाला खडू मारायचे. पण त्या शाळेत एक सभ्यता होती. ती आम्हाला शाळेत मारायची आणि शाळेतच सोडून द्यायची. घरी यायची नाही. माझा बाप काय करतो, माझी आई काय रांधते, हे तिला पाच मार्कांसाठी नको होतं.

सानूची शाळा घरी येते. बूट न काढता येते. दुपारी अडीचला व्हॅनमधून उतरते, सानूबरोबर जेवते, तिच्याबरोबर ट्यूशनला जाते, आणि रात्रीच्या भाजीत थर्माकोलचे तुकडे सापडतात कारण डायनिंग टेबलावर ज्वालामुखी वाळत असतो. या पोरांना शाळेत शिकायला वेळच नाही, कारण शाळेत होमवर्क चेक करायचं असतं. आणि घरी शिकायला वेळ नाही, कारण घरी होमवर्क करायचं असतं. मग शिकतात कधी, असं मी एकदा विचारलं. वहिनी म्हणाली, "सुट्टीत. तुला काम नाहीये का?"

तर यंदाच्या होमवर्कमध्ये मराठीच्या पुस्तकातला एक उपक्रम आला. आजोबांची किंवा आजीची मुलाखत घ्या आणि लिहा. टेस्टलाही पाच मार्कांना येणार.

मी खूश झाले. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट अशी आली जी दुकानात मिळत नाही. रविवारी सकाळी सानूनं बाबांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि मिसनी दिलेले प्रश्न विचारायला बसली. वहिनी पोहे परतत होती, दादा पेपरमागे होता, मी खुर्चीत मांडी घालून.

सानूनं विचारलं, आबा, तुमच्या काळात करमणुकीची साधनं कोणती होती?

"मीच होतो," बाबा म्हणाले.

दादाचा पेपर हलायला लागला. तुमचा दिनक्रम कसा असायचा? तर, नळाच्या आधी उठाव लागे, कारन नळ येनार नाही हे लोकायले मलेच सांगाव लागे. सानू हसत हसत लिहीत होती आणि मध्येच 'आबा, थांबा ना, स्लो' म्हणत होती. यात्रेत एक पोरगं हरवलं तेव्हा बाबांनी माइक त्याच्याच हातात दिला होता, आणि ते पोरगं आईला बोलवायचं सोडून माइकमध्ये फुंकर मारत बसलं, आणि त्या फुंकरीवरून त्याच्या आईनं त्याला ओळखलं, हेही तिनं लिहिलं. मिसचे प्रश्न संपले. मग तिनं स्वतःचा एक विचारला. आबा, सगळ्यात हार्ड अनाउन्समेंट कुठली होती?

बाबा म्हणाले, तुह्या आजीची.

माझी आई गेली तेव्हा मी सातवीत होते. मार्च होता. भोंगा माळ्यावर होता. दादा इकडे खडकीत नवीन लागलेला, तो एसटीत होता, पोचायचा होता. पोलीसवाल्यांनीच बाबांना सांगितलं, काढा भोंगा, आम्ही काही म्हणत नाही. बाबांनी काढला नाही. दुसऱ्या कोणी सूचना देतो म्हटलं, तर तेही नको म्हणाले. ते पायी निघाले आणि गल्लीगल्लीत नुसत्या गळ्यानं आईचं नाव सांगत गेले. मी घरात बायकांच्या मध्ये बसून तो आवाज ऐकत होते. लांब जाणारा, मग वळून जवळ येणारा. मध्येच एका ठिकाणी तो बंद पडला. बराच वेळ बंद. मला इतकी वर्षं वाटायचं, बाबा तिथे रडले असतील.

"शाळेपाशी मी बोललोच नाही," बाबा स्पीकरवर सानूला सांगत होते. "आत पोरं पेपर लिवत होते. तिथून मुक्यानंच गेलो. नाक्यावर गेल्यावर मंग पुन्हा सुरू केलं."

दुसऱ्याला का नाही देऊ दिली, सानूनं विचारलं. बाबा म्हणाले, दुसरा घाई करते. तुह्या आजीचं नाव साडीच्या सेलच्या मागून आलं असतं.

वहिनीनं गॅस बंद केला होता. पोह्यांवर कोणी कोथिंबीर घातली नाही त्या दिवशी.

सानूनं ते सगळं लिहिलं. मी तिच्या एका शब्दाला हात लावला नाही. शुद्धलेखन भीषण होतं, 'अनाउन्समेंट' तीन प्रकारे लिहिलं होतं, पण आबा अख्खे होते. चालणारे, थांबणारे, आजी असलेले. ती सोमवारी वही घेऊन अशी गेली जशी मुलं बक्षीस घ्यायला जातात.

मंगळवारी वही परत आली. शाळेपाशी मुकं होण्याच्या परिच्छेदावर लाल रेघ. तिरकी, एका फटक्यात. बाजूला लिहिलं होतं: विषयांतर नको. खाली: फळ्यावरील उत्तर उतरवणे.

आणि खाली फळ्यावरचं उत्तर. मला ते पाठ आहे, मी ते झोपेतही त्या मिसच्या आवाजात म्हणू शकते. माझे आजोबा शेतकरी आहेत. ते पहाटे चार वाजता उठतात. त्यांच्याकडे सर्जा-राजा नावाची बैलजोडी आहे. ते खूप कष्टाळू व काटकसरी आहेत. ते आम्हाला संस्कारांच्या गोष्टी सांगतात. माझे आजोबा मला खूप आवडतात. पहाट, बैलजोडी, कष्ट, काटकसर, संस्कार यांच्या खाली रेघ, कारण ते की-वर्ड. सगळ्या वर्गाचे आजोबा एकाच वेळी पहाटे चारला उठले. कोणाचे आजोबा बँकेत होते, कोणाचे मिलिटरीत, एकीचे तर आत्ता ऑस्ट्रेलियात मुलाकडे नातवंडं सांभाळतायत. सगळ्यांना एकेक बैलजोडी मिळाली.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यांचं उत्तर आहे, त्यात वाईट काय. माझ्या आईकडचे सगळे शेतकरीच. पण सानूची मैत्रीण राधा, तिचे आजोबा लोणी काळभोरला खरेखुरे शेतकरी आहेत. तिनं लिहिलं होतं की आजोबांकडे ट्रॅक्टर आहे, लाइट रात्रीची येते म्हणून ते रात्री मोटर चालू करायला जातात आणि सकाळी उशिरा उठतात. तिचंही खोडलं. अख्ख्या वर्गात शेतकरी आजोबा असलेली बहुधा ती एकटी, आणि तिचा शेतकरी चुकीचा निघाला.

उत्तरासोबत चित्र चिकटवायचं होतं. मी सानूला घेऊन चौकातल्या स्टेशनरीवाल्याकडे गेले. दुकानाबाहेर पालकांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात फोन, फोनवर ग्रुप उघडलेला. मी म्हटलं, काका, शेतकरी आजोबांचा चार्ट आहे का. त्यांनी मानही वर केली नाही. "आजोबा संपले," म्हणाले. "उद्या माल येणारे. आजी आहे, देऊ?"

नकला बंद असतानाही मी घरी येऊन ही नक्कल केली. सानू हसली नाही. वही उघडून म्हणाली, आत्तू, बैल आपल्याकडे कधीच नव्हते ना? मी म्हटलं, नाही. एक बकरी होती, तीपण शेजाऱ्यांची. ती म्हणाली, मग आबांना कळलं तर?

हाच तर प्रश्न होता. कारण आबा वाट बघत होते. त्यांनी गावात चहाच्या टपरीवर सांगून टाकलं होतं की नातीनं पुण्यावरून माझी मुलाखत घेतली, ती परीक्षेत येणार आहे. रोज संध्याकाळी फोन. पेपर झाला का वं? नाही आबा, नेक्स्ट वीक. बरं बरं, अभ्यास करजो. कोणाचा अभ्यास, हे तिनं सांगितलं नाही. टेस्टमध्ये कोणता माणूस लिहायचा, फळ्यावरचा का फोनवरचा, हे ठरवायचं ओझं त्या पोरीच्या दप्तरात आणखी एक टाकलं होतं शाळेनं. आणि दप्तर आधीच तिच्यापेक्षा जड.

पालकांनी मिसना भेटायच्या ओपन हाऊसला मीच गेले, वहिनीला ऑफिस होतं. बाकावर बसलेल्या मिसनी विचारलं, आपण कोण. म्हटलं, आत्या. "खरं तर पेरेंट्सनाच अलाउड आहे," त्या म्हणाल्या, "पण आलाच आहात तर बसा." पुण्यात याला स्वागत म्हणतात.

मी भांडायला गेले होते. वाटेत रिक्षात सगळे डायलॉग म्हणून बघितले होते. पण समोर एक बाई बसलेली, घसा बसलेला, पदराला खडू, शेजारी वह्यांचा ढीग तिच्या डोक्याच्या वर. माझी निम्मी हवा तिथेच गेली. उरलेल्या निम्म्यानं मी विचारलं, मॅडम, मुलीनं खरी मुलाखत घेतली होती, ती का खोडली.

त्या म्हणाल्या, छान होती हो मुलाखत. मी स्टाफरूममध्ये वाचून पण दाखवली. पण टेस्टचे पेपर मी एकटी तपासत नाही. दुसऱ्या डिव्हिजनच्या टीचर तपासतात. त्यांना तुमचे वडील माहीत नाहीत. त्यांच्याकडे मॉडेल आन्सर असतं, त्यातले शब्द सापडले की मार्क. "प्रत्येकानं आपापलं लिहिलं तर आम्ही तपासायचं कशाशी?"

मी म्हटलं, मग मुलाखत घ्यायला सांगितलीच कशाला?

"पुस्तकात आहे ना उपक्रम," त्या म्हणाल्या. "घ्यावाच लागतो."

मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, माझा मुलगा पण सातवीतच आहे, दुसऱ्या शाळेत. त्याचे आजोबा पोस्टात होते. काल रात्री त्याच्याकडून मी पण बैलच पाठ करून घेतले. आणि पुढची वही ओढली.

मला राग कोणाचा यावा हेच कळेना, आणि राग कोणाचा ते कळलं नाही की तो दुप्पट होतो. परत येताना मी रिक्षात बसून त्या मॉडेल आजोबांना शिव्या दिल्या. कोण आहे हा म्हातारा? पहाटे चारला उठून करतो काय? याची बायको कुठे आहे? याला खोकला येत नाही, याचं कोणाशी भांडण नाही, याची जमीन कुठल्या रस्त्यात गेली नाही, याला मोबाइलवर गाणी लावता येत नाहीत. याला कोणी मरत नाही. हा माणूस जन्माला आलाच नाही, आणि तरी सगळ्या वर्गाच्या घरांतून त्यानं खऱ्या म्हाताऱ्यांना खुर्चीवरून उठवलं. ज्या माणसानं आत पोरं पेपर लिहितायत म्हणून स्वतःच्या बायकोचं नाव घशात दाबून धरलं, त्याला पेपरनंच विषयांतर म्हणून खोडलं. परीक्षेचा इतका मान ठेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि परीक्षेला त्याच्यासाठी एक परिच्छेद जड झाला.

घरी हे सगळं मी वहिनीसमोर ओतलं. ती डबे धूत होती. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तत्त्वं तुझी, मार्क तिचे."

आठवीत हुशार मुलांची वेगळी स्कॉलर बॅच निवडतात, म्हणाली. या टेस्टचे मार्क त्याला धरतात. एकेका मार्कावर मुलं मागे राहतात. माझे सासरे कसे आहेत ते मला माहितीये. पाच मार्कांसाठी त्यांच्या नावावर दोन बैल लावले तर त्यांना काही होणार नाही.

मी भांडले असते, पण सानू आतून ऐकत होती. आणि त्या घरात तिला स्कॉलर बॅचमध्ये बसवायची जबाबदारी वहिनीची होती, माझी नव्हती. आत्या असणं फार सोपं असतं. तत्त्वं सांगायची आणि आपल्या खोलीत जायचं.

टेस्टच्या आधीच्या संध्याकाळी सानू गॅलरीत फेऱ्या मारत पाठ करत होती. माझे आजोबा पहाटे. माझे आजोबा पहाटे. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत तिच्याच वर्गातला एक मुलगा फेऱ्या मारत होता, त्याचेही आजोबा पहाटे. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. खाली पार्किंगमध्ये त्या मुलाचे खरे आजोबा, टोपी घालून, वॉचमनशी क्रिकेटवर वाद घालत होते.

मी गेले तिच्याजवळ. म्हटलं, सानू, तुला वाटेल ते लिही. ती थांबली. म्हणाली, आत्तू, तसं म्हणू नको ना. आई म्हणते हे लिही, तू म्हणतेस वाटेल ते. वाटेल ते म्हणजे तू म्हणतेस तेच ना? बारा वर्षांच्या मुलीनं आम्हा दोघींना एका ओळीत उभं केलं होतं.

टेस्ट झाली. व्हॅनमधून उतरली, बाटली रिकामी केली, सोपा होता म्हणाली. मी विचारलं, कोणते लिहिलेस? ती म्हणाली, आत्तू, प्लीज. आणि बूट काढत बसली. संध्याकाळी आबांचा फोन आला, तेव्हा ती बाथरूममध्ये होती. दुसऱ्या दिवशीही बाथरूममध्ये होती.

आठवड्यानं पेपर घरी आले. इथे तपासलेले पेपर सहीसाठी घरी येतात, आणि पालक खाली सही करतात, म्हणजे आम्ही पाहिलं, आम्हाला मान्य आहे. मराठीचा पेपर वर होता. शेवटचं उत्तर: माझे आजोबा शेतकरी आहेत. सर्जा-राजा होते. संस्कार होते. शब्दांखाली स्केलपट्टीनं मारलेल्या रेघा. पाच पैकी पाच, आणि एक लाल स्टार.

वहिनीनं पेन शोधायला पर्स उघडली आणि तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल. या वेळी सानू समोरच बसलेली होती. बाथरूमपर्यंत पोचायला वेळ नव्हता.

स्क्रीनवर बाबांचं अर्धं कपाळ आणि वरचा पत्रा. आला का पेपर? आला, आबा. किती भेटले मले? सानू म्हणाली, पाच पैकी पाच. बाबांचा चेहरा सगळा स्क्रीनमध्ये आला. मागे वळून कोणाला तरी सांगितलं, पाचाचे पाच भेटले म्हनते. टपरीवरच बसले होते वाटतं, दोन-चार डोकी जवळ आली. मग बाबा म्हणाले, "वाचून दाखव ना बाई. काय लिवलं ते ऐकू दे यायले."

दादा दारात उभा होता. वहिनीच्या हातात पेन. मी फोन हिसकावून घेणार होते, रेंज गेली म्हणणार होते, मला रेंज जाण्याची फार सुंदर नक्कल येते.

सानूनं पेपर उचलला आणि डोळ्यांसमोर धरला. आणि वाचायला लागली. माझे आबा भोंग्यावरून सूचना द्यायचे. नळाच्या आधी उठायचे. ती नजर कागदावरून हलवत नव्हती. कागदावर पहाट होती, बैल होते, काटकसर होती, आणि तिच्या तोंडातून ऑटो निघाला, यात्रेतलं पोरगं निघालं, माइकमधली फुंकर निघाली. ओळ संपली की ती मान डावीकडे नेत होती. एका ठिकाणी तिनं पानसुद्धा उलटलं. आजीपर्यंत आली. नाक्यापर्यंत गेली. अडखळली नाही.

पलीकडे बाबा चष्मा काढून पुसत होते. म्हणाले, बराबर लिवलं. काही सोडलं नाही. "तुह्या बाईले माहा नमस्कार सांगजो. तिनं पूर्न वाचलं म्हनून पाच देल्ले."

सांगते, आबा, ती म्हणाली. फोन बंद झाला.

सगळं वर्ष त्या शाळेनं तिला काय शिकवलं ते मला त्या पाच मिनिटांत कळलं. कागदावर एक माणूस ठेवायचा आणि तोंडात दुसरा, आणि दोघांच्या मध्ये आपला चेहरा जराही हलू द्यायचा नाही. आम्हाला हे शिकायला नोकरीला लागावं लागलं होतं. हिनं सातवीत केलं, आणि तेही प्रेमापोटी केलं, म्हणून मला ओरडताही येईना. कोणीतरी तिला शाबास म्हणेल या भीतीनं मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला नाही. सानूनं पेपर टेबलावर ठेवला, वहिनीकडे सरकवला आणि म्हणाली, सही.

वहिनी तो पेपर बराच वेळ बघत राहिली. आता ही मोजेल, मला वाटलं, एकूण किती, राधाला किती, स्कॉलरला किती लागतात. तिनं पेनाचं टोपण काढलं. पालकांची सही असं छापलेल्या रेघेवर, तिच्या त्या वळणदार अक्षरात, तिनं एक ओळ लिहिली आणि पेपर सानूच्या दप्तरात घातला. मी नंतर काढून वाचली.

'सदर गृहस्थ आमच्या घरातले नाहीत, त्यामुळे सही करता येत नाही.'